कोरी झाळ

"पाणी? माझ्या कॅनात पाणी? अहो पुंजाबा, गोदावरीला पूर येऊन दुतोंड्या मारुतीच्या दोन्ही तोंडांत पाणी गेलं, तरी माझ्या कॅनात थेंब जायचा नाही."

भाऊ ओरडत होते, आणि नाशकातल्या द्वारकेच्या चौकातले ट्रक हॉर्न वाजवायचे थांबून ऐकत होते. हे मी जरा फुगवून सांगते आहे. आई म्हणायची, संगीचं बोलणं ऐकावं आणि निम्मं करून घ्यावं. वाचणाऱ्यांनीही खुशाल तसं करावं. तर भाऊ, म्हणजे माझे वडील, दुकानाच्या फळीवर उभे राहून ओरडत होते. खाली पिंपळगाव बसवंतचे द्राक्षवाले पुंजाबा उभे होते. आमच्याच दुकानातून नेलेला वीस लिटरचा लोखंडी कॅन त्यांनी फळीवर आपटला होता.

"आरडू नका भाऊ. मी काय खोटं बोलतो का? आभाळ आलंय, बागेवर डावणीचा रोग पडला, अन् ऐन फवारणीत टॅक्टर बंद. मिस्तरीनं टाकी खोलली तर तळाला हे एवढं पाणी. डिझेल कुठल्या कॅनातलं? तर तुमच्या."

"पंपवाल्यानं घातलं असेल पाणी."

"त्याच पंपावरनं शेजारच्यानं बी नेलं. त्याचा टॅक्टर चालू हाय. माझाच तेवढा गारठलाय."

मागच्या दारात दिगूकाका उभे होते. भाऊंचा पाठचा भाऊ, आमच्या दुकानाचा हात. एरवी गिऱ्हाईक तावातावानं आलं की काका मध्ये पडायचे, दोघांच्या हातात तपकिरीची डबी ठेवायचे आणि भांडण शिंकांमध्ये संपवायचे. त्या दिवशी त्यांनी डबी काढली नाही. वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर ढकलून ते आपल्या चपलेकडे बघत राहिले. मला वाटलं, अंगठा तुटला असेल.

पण ते ओरडणं आधी समजायला हवं, आणि त्यासाठी दुकान समजायला हवं. द्वारकेच्या अलीकडे हायवेला फुटलेल्या एका बोळात आमचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, त्यामागे शेवग्याचं झाड आणि सिमेंटचा हौद. आता तिथून डोक्यावर उड्डाणपूल जातो आणि खाली मोबाइलची कव्हरं मिळतात. तेव्हा आमच्याकडे जगात होते नव्हते तेवढे सगळे डबे होते. तेलाचे पंधरा किलोचे चौकोनी पत्र्याचे, ग्रीसचे गोल, औषधांच्या कारखान्यातून आलेले निळे प्लास्टिकचे, ट्रकच्या पोटाला बांधायचे पिवळे. पण दुकानाचे राजे म्हणजे लष्करातले हिरवे लोखंडी जेरीकॅन. आजोबांनी देवळालीच्या लष्करी लिलावातून पहिली रास उचलली, तेव्हापासून आमच्या घराला लोक कॅनवाले म्हणू लागले. आमचं खरं आडनाव पोस्टमनलाही आठवत नसे.

या कॅनाची कुळकथा भाऊ प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवत. हा कॅन काढला जर्मनांनी, लढाईसाठी. इंग्रजांचे डबे पातळ पत्र्याचे, वाळवंटातून गाडी पुढे जाईस्तोवर निम्मं पेट्रोल वाळूच्या पोटात. मग त्यांच्या हाती जर्मनांचे कॅन लागले. त्यांनी ते उलटेपालटे करून पाहिले आणि मुकाट्यानं हुबेहूब तसेच बनवले. जर्मनांना इंग्रज शिपाई जेरी म्हणत, म्हणून जेरीकॅन. इथपर्यंत सगळं खरं आहे, मी मोठेपणी वाचून खात्री केली. त्यापुढे भाऊ सांगत की जर्मनांच्या छावणीतून पहिला कॅन पळवला तो सिन्नरच्या एका शिपायानं, उंटाच्या पोटाखाली बांधून, आणि तो शिपाई आमच्या आजोबांचा चुलतमामा लागत होता. हे मी कुठे वाचलं नाही. पण सिन्नरच्या माणसाला मी ओळखते, त्यानं उंटही पळवला असणार.

कुळकथा संपली की भाऊ कॅन फळीवर उभा करत आणि विचारत, "याला तीन मुठी कशाला?" कोणालाच येत नसे. मग ते सांगत. एकटा माणूस भरलेला कॅन नेणार असेल तर मधली मूठ. दोघं नेणार असतील तर कडेच्या दोन, एकेक ज्यानं त्यानं धरायची. आणि कॅन रिकामे असतील तर शेजारी शेजारी ठेवून दोघांच्या कडेच्या मुठी एका हातात येतात, एका हातात दोन, दोन हातांत चार. "बनवणाऱ्यानं माणसं मोजून मुठी लावल्यात," ते म्हणत. भाऊ आणि काका भरलेला कॅन नेहमी दोघांत धरून न्यायचे. काका एकटे दोन उचलतील एवढे दणकट होते. पण भाऊंनी कडेची मूठ धरली की काका दुसरीकडून येऊन उभे राहणारच, आणि बोळातून दोघं एका चालीनं, मध्ये कॅन, बाजारातून पोराला हाताला धरून आणल्यासारखे यायचे.

डब्यांशिवाय तेव्हा कोणाचं चालत होतं? रेशनच्या रॉकेलला माणसं रांगेत उभी राहत नसत, डबे राहत. पहाटे येऊन बायका आपापला डबा ठेवून जायच्या, कोणाच्या मुठीला साडीची चिंधी, कोणाच्या बुचाला लाल दोरा, आणि निळं रॉकेल येईपर्यंत डबेच एकमेकांना खेटून ताटकळायचे. एखादीनं दुसरीचा डबा मागे सारला तर दुपारपर्यंत त्या बोळात जे ऐकायला मिळे ते मी इथे लिहू शकत नाही. ट्रकवाले रेडिएटरच्या पाण्याला कॅन नेत, फुलवाले शेवंतीवर पाणी मारायला, बँडवाल्यांच्या जनरेटरला एक लागे. फुटका असेल तर आई उभा कापून त्यात पुदिना लावी. मी स्वतः तेलाच्या डब्यावर बसून दहावीचा अभ्यास केला आणि उठले की परकरावर डब्याचा चौकोन उमटलेला असे.

आणि ते डबे बोलायचे. दुपारी ऊन चढलं की रिकामा पत्रा फुगतो आणि टण् करतो, एक इथे, एक तिकडे कोपऱ्यात. संध्याकाळी गार झाला की आत जातो आणि टुक् करतो. पाहुणे दचकायचे. आम्हाला त्यावरून वेळ कळायची. आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "टणटण थांबली, आता चहाचं आधण ठेव."

आता भाऊंचं नाक. हे नाक लहान होतं, चपटं होतं, आणि नाशिक जिल्ह्यात त्याच्या तोडीचं दुसरं नव्हतं. कॅनाचं बूच उघडून भाऊ एकच श्वास घेत आणि सांगत की यात आधी काय होतं, त्याच्याआधी काय होतं आणि मध्ये कोणी धुतला होता का. एकदा ड्रायव्हर लोकांनी पैज लावून भाऊंचे डोळे बांधले आणि एकामागून एक कॅन नाकाखाली धरले. भाऊ सांगत गेले. शेवटी एकानं कॅनाऐवजी आपला बूट धरला. भाऊ म्हणाले, "हा मालेगावचा आहे, लग्न झालेलं नाही, आणि अशानं व्हायचंही नाही." हे निम्मं करू नका, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

या नाकावर आमचं दुकान उभं होतं ते असं. कॅनाची शिवण गळायला लागली की तो झाळावा लागतो, म्हणजे जाळ लावून फट बुजवावी लागते. पण पेट्रोलचा रिकामा कॅन भरलेल्यापेक्षा वाईट. आत वाफ कोंडलेली असते. जाळ लागला की कॅन बॉम्ब होतो. म्हणून सगळे झाळणारे आधी कॅनात गळ्यापर्यंत पाणी भरतात, वाफेला जागाच ठेवत नाहीत, आणि मग जाळ लावतात. त्यात धोका नाही. पण त्या पाण्यानं कॅन आतून गंजतो, आणि शिवणीच्या घडीत थेंब राहिला की तो डिझेलमध्ये उतरतो. आमच्याकडे सोड्याच्या उकळत्या पाण्यानं कॅन धुवायचा, कडक उन्हात उलटा वाळवायचा, आणि मग भाऊंनी त्याचा वास घ्यायचा. भाऊंनी "मेला" म्हटलं की आत वाफ उरलेली नाही, लाव जाळ. "जिवंत आहे" म्हटलं की परत सोड्यात. झाळताना आत पाणी नाही, म्हणून नंतर गंज नाही. याला आम्ही कोरी झाळ म्हणायचो. दुकानाच्या पाटीवर तेच लिहिलं होतं, 'येथे कॅन कोरे झाळून मिळतील'. धुळ्यापासून घोटीपर्यंतचे लोक ती पाटी शोधत यायचे.

वास भाऊंनी घ्यायचा, जाळ काकांनी लावायचा. काकांना वासातलं काही कळत नसे. तपकिरीनं आणि गॅसच्या धुरानं त्यांचं नाक तरुणपणीच बाद झालं होतं. त्यांच्यापुढे मोगरा आणि मेलेली घूस दोन्ही सारखी. ते हसत म्हणायचे, "आमच्या दोघांत मिळून देवानं एक नाक दिलं आणि एक हात. भांडून कसं चालेल?" आणि दुकानात साध्या माणसाच्या नाकाचा उपयोगच नव्हता. सगळीकडे तेल, डिझेल, रॉकेल यांचाच वास. आमच्या घरच्या पुरणपोळीलाही तो यायचा. आम्हाला तो पुरणाचाच वाटायचा.

ते नाक गेलं. कधी गेलं, कशानं गेलं, कोणाला सांगता येणार नाही. हिवाळ्यात भाऊंना मोठी सर्दी झाली होती, ती उतरली. बहुतेक तिच्यासोबतच गेलं असावं. त्यानंतर भाऊ जेवणाला नावं ठेवू लागले. आधी कधी नाही ते. "आज काय केलंस, चवच नाही," असं म्हणून ते ठेच्याचा गोळा जवळ ओढत आणि भाकरीपेक्षा ठेचा जास्त खात. आईनं काळा मसाला बदलून पाहिला. खोबरं जास्त भाजलं, कमी भाजलं. माहेरून, सिन्नरहून, दगडफूल मागवलं. रविवारच्या मटणाच्या रश्श्यावर अर्धा दिवस घालवला. भाऊ म्हणाले, "गरम आहे." आई मोरीत जाऊन भांडी घासत बसली. तिला खरंच वाटू लागलं होतं की तिच्या हाताची चव गेली, वय झालं, आता स्वयंपाक जावेच्या हाती द्यावा.

मग उंदीर मेला. रचलेल्या डब्यांच्या मागे कुठेतरी मेला आणि असा सुटला की बोळातली कुत्री दुसऱ्या बोळात राहायला गेली. आम्ही नाकाला पदर, ओढण्या, रुमाल लावून हिंडत होतो. गिऱ्हाईक दारातूनच परत फिरत होतं. आणि भाऊ बरोबर त्याच डब्यांना पाठ लावून बसले होते, बशीत चहा ओतून फुंकर मारत. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्यांच्याकडे बराच वेळ बघत होती. मी तिच्या शेजारी होते. तिनं पदर नाकावरून काढला, तो डोळ्यांना लावला, आणि आत जाऊन रोजच्यासारखी आमटी केली. त्यानंतर तिनं मसाला बदलला नाही. भाऊंना काही विचारलंही नाही.

अलीकडे त्या मोठ्या साथीत माझंही नाक गेलं होतं, काही आठवडे. मी आमटीत तिप्पट हिंग घालून बसले आणि सगळ्या गावाला फोन करून सांगितलं की मला वास येत नाही हो. मुलांनी माझी चेष्टा केली, मीही केली. तेव्हा भाऊ आठवले. माझं नाक गेलं तर आमटी बिघडली. त्यांचं नाक गेलं तर पाटी खाली उतरत होती, आणि पाटी आजोबांनी टांगलेली होती. ते कोणाला फोन करणार?

भाऊंनी नाक असल्यासारखं चालवलं. बूच उघडायचं, तसाच श्वास घ्यायचा, डोळे तसेच मिटायचे. फक्त त्याआधी ते गिऱ्हाइकाला गप्पांत गुंतवायचे. "कुठली गाडी? काय माल असतो?" पूर्वी कधी विचारत नसत. आणि त्याच सुमाराला काकांनी झाळायचं काम दुकानातून उचलून मागे हौदापाशी नेलं. म्हणाले, पुढे ऊन फार लागतं, शेवग्याखाली बरं. शेवग्याची सावली कसली, चाळणीतून ऊन गाळल्यासारखी. पण भाऊंनी कॅनाला "मेला" म्हटलं की काका तो उचलून मागे नेत, दार लोटून घेत आणि बऱ्याच वेळानं झाळलेला कॅन आणून ठेवत. मग तो कॅन विटांवर उलटा उन्हात राही, थोडं डिझेल आत खळबळून ओतलं जाई. सुमनकाकू, म्हणजे दिगूकाकांची बायको, कधीकधी मागे त्यांना मदत करताना दिसे. काकू कमी बोलायची. भाऊ तिचे मोठे दीर, त्यांच्यासमोर ती डोक्यावरचा पदर कधी ढळू देत नसे आणि त्यांच्याशी थेट बोलत नसे. भाऊ शेजारच्या खुर्चीत बसलेले असले तरी ती आईला सांगायची, "ताई, भाऊंना म्हणावं चहा निवतोय." लग्न झाल्यापासून असंच चाललेलं होतं.

तर पुंजाबांनी तो कॅन फळीवर आपटला तो दिवस. आभाळ भरून होतं, आठवडाभर ऊन नव्हतं. भाऊंचा आवाज चढत चढत पत्र्याला लागला होता. त्यांनी कॅन उचलला, फिरवून पाहिला आणि शिवणीवर बोट ठेवलं. "हे बघा. इथं फट सुटली. पाऊस झाला असेल, यातून पाणी आत गेलं असेल. आमचा कॅन कोरा झाळलेला असतो. तुम्हाला खोटं वाटत असेल तर आत्ता, तुमच्यासमोर झाळून दाखवतो."

काका पुढे आले. "आणा भाऊ, मागं नेऊन करतो."

"मागं नाही. इथंच. यांच्या डोळ्यांसमोर. म्हणजे पाणी कुठून येतं ते कळेल यांना."

भाऊंनी बूच उघडलं. श्वास घेतला, डोळे मिटले. त्या दिवशी त्यांनी पुंजाबांना काही विचारलं नाही. भांडायला आलेल्या माणसाला, यात काय होतं, असं कसं विचारणार? आणि ट्रॅक्टरच्या डिझेलवरूनच तर भांडण चाललं होतं, डिझेलची वाफ काही पेट्रोलसारखी भडकत नाही, म्हणून सोड्यानं धुणंही राहिलं. "मेला," भाऊ म्हणाले.

काका कॅनाकडे बघत राहिले. मग हसून म्हणाले, "एकदा परत बघता का, भाऊ?"

"का? आता तू मला शिकवणार वास घ्यायला?"

"तसं नाही. आभाळ आहे, म्हणून म्हटलं."

भाऊंनी परत श्वास घेतला, या वेळी पुंजाबांकडे बघत. "मेला म्हणजे मेला."

काकांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. मग पुन्हा वर केला. "पुंजाबा, तुम्ही जरा रस्त्याच्या त्या अंगाला उभे राहा, डोळ्यांना त्रास होतो. भाऊ, तुम्हीही खांबाच्या पलीकडं बसा, धूर तुमच्याकडं येतोय."

"धूर कुठंय अजून?" भाऊ म्हणाले, पण उठून खांबाच्या पलीकडे गेले.

"संगे," काका मला म्हणाले, "चौकात जाऊन चार चहा सांग. आणि आणायला पोऱ्याला सोडू नको, तूच घेऊन ये. पोऱ्या सांडतो."

मी गेले. चहावाला दूध उकळत होता. तेवढ्यात आवाज आला. मी तो कसा होता ते सांगणार नाही. एवढंच सांगते की त्यामागून दुकानातले सगळे डबे एकदम बोलले, लहान, मोठे, रिकामे, भरलेले, आणि नंतर गप्प झाले. तेवढी शांतता त्या बोळात मी पुन्हा ऐकली नाही.

काकांना पुंजाबांच्याच टेंपोतून दवाखान्यात नेलं. भाऊंना खरचटलंही नव्हतं, खांब आडवा आला होता. पुंजाबा रस्त्याच्या कडेला बसून कपाळ बडवून घेत होते. ट्रॅक्टर बंद पडला म्हणून त्यांनी सकाळी त्याच कॅनात पेट्रोल आणून त्यावर चालणाऱ्या छोट्या फवारणी पंपानं अर्धी बाग फवारली होती, आणि उरलेलं बाटलीत काढून कॅन घेऊन भांडायला आले होते. आई त्यांना म्हणाली, "सांगायचं ना हो, पेट्रोल होतं म्हणून." ते म्हणाले, "भाऊंना काय सांगायचं, माय? त्यांचं ते नाक. त्यांना वास येतोच की."

काका काही दिवस होते. सगळा चेहरा आणि हात पांढऱ्या पट्ट्यांत, फक्त तोंड उघडं. मी भाऊंबरोबर गेले होते. काकांनी पावलांचा आवाज ओळखला आणि विचारलं, "भाऊ, तुम्हाला लागलं नाही ना?"

"नाही रे."

"नाक शाबूत आहे ना?"

भाऊंनी खाटेची कड धरली. "आहे," ते म्हणाले.

"मग बरंय," काका म्हणाले. ते हसले असावेत, पट्टी थोडी हलली.

काका गेल्यावर घर पाहुण्यांनी भरलं, आणि पाहुण्यांना काहीतरी कारण लागतं. दिगूनं घाई केली, असं ठरलं. कोणी म्हणे तपकिरीच्या तारेत होता, कोणी म्हणे वेल्डिंगवाल्यांना नंतर भीतीच उरत नाही. भाऊ भिंतीला टेकून ते ऐकत होते. आईनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. तेराव्याचं जेवण झाल्यावर काकूचा मोठा भाऊ हात धुता धुता सगळ्यांसमोर म्हणाला, "आमचे दाजी तसे हुशार, पण त्या दिवशी अक्कल गहाण ठेवली होती." काकू त्याला टॉवेल देत होती. तिनं टॉवेल दिला.

पाहुणे पांगल्यावर भाऊ मागच्या दारी गेले. काकू हौदाच्या कट्ट्यावर बसून काकांचा जळका सदरा पाण्यात बुडवत होती. तो कशासाठी धुवायचा होता कोण जाणे. मी तिच्यासाठी चहा घेऊन गेले होते. उन्हानं डबे टणटणत होते. बऱ्याच दिवसांनी ऊन पडलं होतं. भाऊ तिच्यापासून लांब, शेवग्याच्या बुंध्याशी उभे राहिले. काकूनं पदर पुढे ओढला.

"सुमन," भाऊ म्हणाले, "दिगूनं घाई केली नाही. मला वास येत नाही. पुष्कळ दिवस झाले. मी कोणाला सांगितलं नाही. त्या दिवशी मी मेला म्हटलं ते उगाच म्हटलं. त्याला हे ठाऊक असतं तर त्यानं तो जाळ लावला नसता."

मी आईला हाक मारायला वळले, कारण काकूचं उत्तर नेहमी आईमार्फत यायचं. काकूनं सदरा पिळला, हौदाच्या काठावर पसरला, आणि पदर तसाच ठेवून भाऊंशी बोलली.

"ठाऊक होतं त्यांना. म्हणून तर कॅनात पाणी भरायचे."